सिलचरच्या वाटेवरचं निळं पाणी

आमच्या खानापूर तालुक्यात घरटी एक गलाईवाला निघतो. (गाव आता कडेगाव तालुक्यात गेलंय, पण आमच्या पिढीच्या तोंडात खानापूरच बसलंय.) कुणी कोचीनला, कुणी कोलकात्याला, कुणी अमृतसरला. दुष्काळानं माणसं गावाबाहेर काढली आणि सोनं-चांदी गाळायच्या धंद्यानं त्यांना जगवलं. विटा, आटपाडी, कवठेमहांकाळ, पलीकडं साताऱ्याचे खटाव आणि माण, या पट्ट्यातलं पोरगं दहावी पास झालं काय आणि नापास झालं काय, मामाच्या नाहीतर चुलत्याच्या दुकानात भट्टीपुढं बसायचंच. मी मामाबरोबर सिलचरला गेलो. आसामच्या दक्षिण टोकाला, बराक नदीच्या काठी. निम्मं आयुष्य तिकडं काढून आता गावी आलोय आणि ऊस बघतोय. टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यापासून आमच्याकडं ऊस सोडून दुसऱ्या कशावर कुणी बोलतच नाही.

आज मात्र खाणीवर लिहायचंय. आमच्या शिवारात एक दगडखाण आहे, बंद पडलेली. गेल्या ग्रामसभेत तिचा विषय निघाला तेव्हा एक जण म्हणाला, "खाण बंद होऊन किती वर्षं झाली, आता कसली तक्रार?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तिथं नीट बोलता आलं नाही, कारण जे सांगायचं होतं ते मेघालयातून सुरू होतं आणि ग्रामसभेत एवढा वेळ कुणाला असतो? म्हणून इथं लिहितोय.

सिलचरहून गुवाहाटीला जायचं तर तेव्हा दोन वाटा. एक डोंगरातनं जाणारी लमडिंगची मीटरगेज रेल्वे, तिला काळवेळ नव्हता. दुसरी मेघालयातनं जाणारी सडक, बस नाहीतर सुमो. आम्ही सडकेनंच जायचो. सिलचर सोडलं की कालाइन, मग रातछडा, तिथं मेघालय लागतो आणि घाट चढायला सुरुवात होते. सोनापूरला डोंगर रस्त्यावर यायचा. पावसाळ्यात दरड कोसळली की दोन्ही बाजूंना ट्रकांच्या मैलमैल रांगा. नंतर तिथं बोगदा झाला. पुढं ख्लेहरियात, लाडरिम्बाई. लाडरिम्बाईच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही अंगांना कोळशाचे ढीग असायचे. रस्ता काळा, माणसं काळी, चहाच्या टपरीवरची बाकडीसुद्धा काळी. हा सगळा जैंतिया टेकड्यांचा मुलूख.

सोनापूरला सडकेला लागूनच लुखा नदी आहे. दोन्ही बाजूंना नारपुहचं दाट जंगल. त्यातला साठेक चौरस किलोमीटरचा भाग पुढं अभयारण्य झाला. पहाटे गाडी थांबली की हुलॉक वानरांची हाक ऐकू यायची. आपल्याकडच्या माणसाला ती ऐकून आधी दचकायलाच होतं. मी तिकडं गेलो तेव्हा ही नदी साधी होती. खाली वाळू दिसायची, पोरं गळ टाकून बसलेली असायची, आणि टपरीवर तिथलीच मासळी मोहरीच्या तेलात तळून मिळायची.

मग 2007 च्या सुमाराला मासे मेल्याच्या बातम्या आल्या. त्यानंतरच्या एका थंडीत मी आणि मामा गुवाहाटीला निघालो होतो. सोनापूरला उतरलो आणि मामा पुलाच्या कठड्याशी जाऊन उभा राहिला. नदी निळी झाली होती. आकाश पाण्यात पडून दिसतो तसला निळा नव्हे, पाण्याचा स्वतःचा निळा. मामा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ह्यात तांबं हाय."

गलाईवाल्याला दुसरं काही सुचणारच नाही. आमच्या दुकानात निळं पाणी रोजचं. डागाची चांदी नायट्रिक ॲसिडात टाकली की तांबूस धूर निघतो, नाकात गेला तर छातीत बसतो, आणि चांदी विरघळते. मग त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडायची. चांदी बारीक भुकटी होऊन खाली बसते, तिच्या बदल्यात तांबं पाण्यात उतरतं, आणि पाणी निळं होत होत गडद होतं. पाण्याच्या रंगावरून काम कुठवर आलंय ते आम्ही सांगतो. त्यामुळं निळं म्हणजे तांबं हे मामाच्या डोक्यात कोरलेलं.

पण लुखेच्या पाण्यात तांब्याचं काम नव्हतं. आमच्याच दुकानातला एक खडा त्याचं खरं कारण त्याच्याही आधी सांगून गेला होता, आम्हीच त्याच्याकडं लक्ष दिलं नव्हतं.

झालं असं होतं की लाडरिम्बाईच्या लायनीवरचा एक ट्रक ड्रायव्हर रुमालात बांधून कोळशाचा एक तुकडा घेऊन आला. कोळशात मधूनमधून पिवळे, चमकणारे कण. त्याला वाटलं सोनं लागलं. दार लावून घ्या म्हणाला, मामानं खरंच लावलं. मग कण वेगळा काढून कसोटीवर घासला. सोन्याची रेघ पिवळी उमटते, ही उमटली काळी. तरी ड्रायव्हरचं समाधान होईना, तेव्हा मामानं थोडा चुरा तापल्या मुशीत टाकला आणि दुकानभर गंधकाचा असा वास सुटला की शेजारचा पानवाला शिव्या देत आला. सोनं बिनं काही नव्हतं. लोखंड आणि गंधक यांचं खनिज, पायराइट. जगभरात त्यानं लोकांना असंच फसवलंय.

ड्रायव्हर तोंड पाडून निघून गेला, खडा तिथंच राहिला. मामानं तो खिडकीत ठेवलेल्या जुन्या चोपडीवर वजन म्हणून ठेवला. सिलचरचा पावसाळा म्हणजे भिंतीला हात लावला तर हात ओला. पावसाळा सरता सरता बघतो तर खड्याला पांढरट-पिवळी भुकटी सुटलेली, खडा तडकलेला आणि खालची चोपडी तपकिरी पडून भोक पडलेली. कागद जळावा तसा. ॲसिडानं कागद खाल्ला की कसा दिसतो ते आम्हाला चांगलं ठाऊक, पण ॲसिडाची बाटली तर लांब मोरीत असायची. मामानं मलाच झापलं की तू सांडलंस.

कुणी सांडलं नव्हतं. पायराइट कोळशाच्या थरात, डोंगराच्या पोटात आहे तोवर लाखो वर्षं गप्प असतं. त्याला हवा आणि पाणी दोन्ही मिळालं की त्यातल्या गंधकाचं सल्फ्युरिक ॲसिड होतं आणि लोखंड सुटं होतं. काही जिवाणू असे आहेत की ते यावरच जगतात आणि हे काम कित्येक पटींनी वेगानं करतात. कोळसा काढायला डोंगराला भोक पाडलं की हवा आत जाते, आणि मेघालयात पाण्याची ददात नाही, चेरापुंजी त्याच राज्यात आहे. जैंतियाचा कोळसा गंधकाच्या बाबतीत भारी. आपल्या देशातल्या बहुतेक कोळशात गंधक एक टक्क्याच्या आतबाहेर असतो, तिकडं तो तीन-चार टक्क्यांपासून पुढंच सुरू होतो.

खिडकीतल्या एका खड्यानं चोपडीला भोक पाडलं. जैंतियात तर डोंगरच्या डोंगर भोकांनी भरलेले. तिथल्या खाणींना उंदराच्या बिळांचं नाव आहे आणि ते शोभतंही. आधी सरळ खाली चौकोनी खड्डा, शंभरेक फूट तरी, आणि तळाला पोचलं की कोळशाच्या थरात आडवी बिळं. थर दोन-तीन फुटांचा, म्हणून बीळही तेवढंच. माणूस रांगत आत जातो आणि पहार घेऊन आडवा पडून कोळसा फोडतो. तिथं जमीन आणि जमिनीखालचं सगळं त्या त्या कुळाचं, घराण्याचं, अशी रीत, त्यामुळं ज्याची जमीन त्याची खाण. कोळसा संपला की शेजारी दुसरा खड्डा. जुना तसाच उघडा. बुजवणं, लिंपणं हा प्रकारच नव्हता, त्याचा खर्च कोण करणार? अशा सोडून दिलेल्या खड्ड्यांची मोजदाद पुढं सरकारी समित्यांनी केली तेव्हा आकडा 20,000 च्या वर गेला.

त्या प्रत्येक खड्ड्यात पाऊस साठतो, आडव्या बिळांतनं फिरतो, ॲसिड होऊन कुठल्या तरी ओढ्याला बाहेर पडतो. शिलाँगच्या नेहू (नॉर्थ ईस्टर्न हिल) विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या ओढ्यांचं पाणी तपासलं तेव्हा सामू, म्हणजे आंबटपणा मोजायचा पीएच, 3 च्या आसपास आणि त्याच्याही खाली सापडला. साध्या पाण्याचा असतो 7, आणि एकेक आकडा खाली म्हणजे आंबटपणा दहापट. म्हणजे 7 वरून 3 वर आलं तर दहा हजारपट. अशा पाण्यात मासा राहत नाही, बेडूक राहत नाही, दगडाखालचे किडेसुद्धा जातात. दगडांवर मग नारिंगी थर चढतो, तो सुट्या झालेल्या लोखंडाचा गंज.

आणि निळा रंग? असं ॲसिडाचं पाणी वाटेतल्या मातीतलं, खडकातलं ॲल्युमिनियमही विरघळवून बरोबर नेतं. पुढं ते चुनखडीच्या मुलखातल्या पाण्याला भेटलं की आंबटपणा थोडा उतरतो आणि त्या ॲल्युमिनियमचा अतिशय बारीक साका धरतो, इतका बारीक की तो खाली बसत नाही. पाण्यात तरंगतो आणि उजेडातला निळा तेवढा परत फेकतो. लुखेला वरच्या अंगाला लुनार नावाची उपनदी मिळते, ॲसिड मुख्यतः तिच्यातनं येतं, आणि तो सगळा पट्टा चुनखडीचा, सिमेंटच्या कारखान्यांचा. पावसाळ्यात पाणी बेसुमार असतं म्हणून काही दिसत नाही, थंडीत पाणी ओसरलं की नदी निळी पडते. लोक फोटो काढायला थांबतात. खरंच सुंदर दिसते. फक्त टपरीवर तळायला मासळी आता बाहेरून येते.

पुढं ही नदी बांगलादेशात उतरून सुरमेला मिळते.

डोंगराच्या दुसऱ्या उतारावर आणखी एक गोष्ट घडली. तिकडची कोपिली नदी मेघालयातून आसामात दिमा हसाओ जिल्ह्यात उतरते आणि तिच्यावर वीजप्रकल्प आहे. त्या प्रकल्पाची यंत्रं झिजायला लागली. टर्बाइनची पाती, पाइप, सगळ्याला पाणी खायला लागलं. आणि तक्रार घेऊन राष्ट्रीय हरित लवादापुढं गेलं कोण, तर खालच्या अंगाची दिमासा विद्यार्थ्यांची संघटना. खाणी वरच्या राज्यात, नदी खालच्यांची. 17 एप्रिल 2014 ला लवादानं बिळांतल्या खाणकामावर बंदी घातली. 2019 मध्ये लवादानं राज्याला 100 कोटी रुपये भरायला सांगितले आणि त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं.

मी तेव्हा अजून सिलचरलाच होतो. बंदी आली त्या आठवड्यात रस्त्यावर ट्रक दिसेनात, कोळशावर पोट असलेली माणसं दुकानात येऊन बायकांचे दागिने मोडायला लागली. आमच्या धंद्याला मंदी अशी आधी कळते. माझा राग त्या मजुरांवर कधीच नव्हता. पण बंदीनंतर थंडी आली आणि नदी परत निळी झाली. त्याच्या पुढच्या थंडीतही. कोळसा काढणं थांबलं, काही ठिकाणी चोरून चालू राहिलं हे खरं, पण समजा एकूण एक माणूस बाहेर आला असता तरी खड्ड्यातल्या पाण्याला त्याचं काय? पायराइट आत आहे, हवा आत आहे, पाऊस दरवर्षी येतोय. स्पेनमध्ये रिओ तिंतो नावाची नदी आहे, तिच्या काठच्या खाणी रोमनांच्याही आधीपासूनच्या, आणि तिचं पाणी आजही लाल आणि आंबट आहे.

उपाय नाहीत असं नाही. ॲसिडाला चुना मारतो हे आमच्या दुकानातलं पोरगंही सांगेल. चुनखडीचे धोंडे भरलेल्या पाटातनं पाणी सोडायचं, म्हणजे ते निवळतं. पण पाण्यात लोखंड इतकं असतं की धोंड्यांवर गंजाचं कवच चढतं आणि मग चुनखडी आत असून नसल्यासारखी. ते खरवडायचं, धोंडे बदलायचे, परत भरायचे. म्हणजे कायमचा माणूस, कायमचा पैसा. कोळसा विकून झाल्यावर हा पैसा द्यायला कुणी उरलेलं नसतं.

याचा मला फार राग येतो आणि तो थोडा धंद्यातून आलेला आहे. गलाईच्या दुकानात आम्ही धूळसुद्धा फेकत नाही. भट्टीची राख, फुटलेली मूस, झाडलेला केर, हात धुतलेलं पाणी, सगळं साठवायचं, कारण त्यात कणभर का होईना सोनं-चांदी असते. सराफकट्ट्याच्या गटारातला गाळ धुऊन सोनं काढणारे झारेकरी तर सगळ्यांनी बघितलेत. जिथं पैसा आहे तिथं माणूस शेवटच्या कणापर्यंत जातो. तोच माणूस जाताना एवढा मोठा खड्डा उघडा टाकून जातो आणि त्याला झोप लागते.

13 डिसेंबर 2018 ला जैंतियातल्याच क्सान गावच्या कोळशाच्या खाणीत पाणी घुसलं आणि पंधरा जण आत अडकले. खाण 370 फूट खोल, जवळ लितेन नदी, आणि भोवती पाण्यानं भरलेल्या जुन्या सोडून दिलेल्या खाणी. पाणी उपसायला घेतलं तर पातळी हलेना, कारण बिळं एकमेकांना मिळालेली. शेजारच्या जुन्या खड्ड्यांतलं पाणीही उपसावं लागलं. विशाखापट्टणमहून नौदलाचे पाणबुडे आले, कोल इंडियाचे पंप आले आणि मदतीला किर्लोस्कर ब्रदर्सची माणसं आली. टीव्हीवर किर्लोस्करांचं नाव ऐकलं आणि मी दुकानातल्या बंगाली गिऱ्हाइकाला सांगत सुटलो की हा पंपांचा कारखाना आमच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर, किर्लोस्करवाडीला आहे म्हणून. तो म्हणाला, "मग काढतील बाहेर." शेवटी दोघांचे मृतदेह तेवढे हाती लागले. बाकीचे तिथंच आहेत.

बरं, आता आमची खाण.

आमच्याकडं कोळसा नाही, पायराइट नाही. सगळा काळा कातळ, मधे मांजऱ्या दगड, वर मुरूम. त्यामुळं सिलचरच्या वाटेवरचं काही जसंच्या तसं इथं लागू होत नाही, हे ग्रामसभेत माना डोलावणाऱ्यांना आधीच सांगून टाकतो. बेसाल्टच्या खाणीत ॲसिड होत नाही. मी विट्यातनं सामू मोजायच्या पट्ट्या आणल्या आणि बुडवून बघितल्या, पाणी 7 च्या जरा वरच आहे. म्हणजे त्या बाबतीत निर्धास्त.

खाण सात-आठ परस खोल. रस्त्याच्या कामाला खडी लागत होती तोवर क्रशर चालला, मुदत संपल्यावर ठेकेदार मशिनरी उचलून गेला. खड्डा राहिला. टेंभूचा कालवा झाल्यापासून पाझर लागून तो आता उन्हाळ्यातही भरलेला असतो. तीन बाजूंना उभा कडा, आणि ट्रक उतरायचे त्या बाजूला घसरण. पाण्यापर्यंत जायला तेवढीच एक वाट.

त्या वाटेनं दोघं येतात. एक, डोंगरातली जनावरं. सागरेश्वर आमच्यापासून लांब नाही. माणसानं केलेलं अभयारण्य म्हणून ते शाळेच्या सहलींना दाखवतात. धों. म. मोहिते अण्णांनी उघड्या बोडक्या डोंगरावर झाडं उभी केली, 1985 मध्ये अभयारण्य झालं, जेमतेम 10.87 चौरस किलोमीटर. चितळ, सांबर, काळवीट, भेकर आहेत, पण बारमाही झरा नाही. उन्हाळ्यात पाणवठे भरावे लागतात. कुंपण असलं तरी जनावर बाहेर निघतं आणि आमच्या उसात, शाळूत शिरतं. मार्चनंतर खाणीच्या घसरणीवर सकाळी गेलं की चिखलात खुरांचे ठसे, मधे तरसाचा पंजा.

दुसरं, रात्री येणारी पिकअप. विट्याच्या आसपास पोल्ट्र्या किती आहेत ते सांगायला नको. उष्म्यानं पक्षी मेले की ते पुरायला खड्डा काढावा लागतो, वर चुना टाकावा लागतो. त्यापेक्षा पोती भरून बंद खाणीत लोटून देणं सोपं. पोती फुगून वर येतात. भर म्हणून कुणी गॅरेजचं काळं तेल आणून ओततं, कुणी औषधांच्या रिकाम्या बाटल्या. आमच्या थोरल्या वहिनींनी तर एकदा तिथं जुना टीव्ही पडलेला बघितला. ओसाड जागेला मालक नाही असं एकदा ठरलं की गावाचा हात सैल सुटतो.

खाणीच्या खालच्या अंगाला आमच्या भावकीच्या विहिरी आहेत. कातळातनं पाणी झिरपत नाही असं लोक म्हणतात, पण कातळ सलग कुठं असतो? सुरुंगांनी भेगा वाढलेल्या, त्या भेगांतनं पाणी विहिरीला येतं. दोन विहिरींच्या पाण्याला वास येतो. मी नायट्रेटच्या पट्ट्याही आणल्या होत्या. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅम ही आपल्याकडची मर्यादा. दोन्ही विहिरींत पट्टीचा रंग ती खूण ओलांडून गेला. सुरुंगात अमोनियम नायट्रेट असतं, त्याचा उरलेला अंश खाणीच्या पाण्यात उतरतो, आणि कुजलेल्या कोंबड्यांतूनही शेवटी नायट्रेटच होतं. रवंथ करणाऱ्या जनावरांना, मग ती म्हैस असो नाहीतर चितळ, नायट्रेट जास्त बाधतं. त्यांच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि रक्त प्राणवायू धरत नाही.

पुतण्या शेतकी पदविका झालेला. तो हसला. म्हणाला, "काका, हे नायट्रेट तुमच्या उसाच्या युरियाचं." असेल, त्याचाही वाटा असेल. मी युरिया कमी करतो म्हटलं, तू पोल्ट्रीवाल्या मित्राला पोती टाकायचं थांबव म्हण. मग तो गप्प बसला.

लेक शिराळ्याकडं दिलीय, तिच्या सासऱ्यांशीही यावर बोलणं झालं. त्यांचं गाव वारणेच्या काठी, चांदोलीच्या खाली. नदीपलीकडं शाहूवाडीच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या पठारांवर, बॉक्साइटच्या खाणी. व्याही म्हणाले, "पाव्हणं, तुमचं ते ॲसिड आमच्याकडं न्हाई." बरोबर आहे, बॉक्साइटात गंधक नसतो. पण जांभ्याचा सडा पावसाळ्यात पाणी पितो आणि पुढं महिनोन्‌महिने ओढ्यांना सोडतो. वरचा थर खरवडून नेला की पाऊस येतो तसा तांबडी माती घेऊन खाली धावतो आणि ओढे लवकर आटतात. हेच पाणी वारणेला, पुढं हरिपूरला कृष्णेला. चांदोलीचं धरण 34.40 टीएमसीचं, गाळ शेवटी कुठं तरी बसणारच. 2025 च्या नोव्हेंबरात ताडोब्यातनं वाघीण आणून चांदोलीत सोडली तेव्हा व्याह्यांच्या गावात पेढे वाटले. ताडोब्याच्या भोवती कोळशाच्या खाणी आहेत. व्याही म्हणाले, ती बिचारी एका खाणीच्या शेजारनं दुसऱ्या खाणीच्या शेजाराला आली.

आमच्या खाणीचं काय करायचं यावर गावात दोन तट आहेत. एक म्हणतो बुजवून टाका. एवढा खड्डा भरायला मुरूम आणायचा कुठनं, तर दुसरी खाण काढून. शिवाय बुजवली तर उन्हाळ्यात जनावरं जातील कुठं? दुसरा तट म्हणतो चारी बाजूंनी तारेचं कुंपण घाला. त्यानंही जनावरं तहानली राहतील आणि कुंपणाच्या तारा वर्षाच्या आत भंगारात जातील, हे मी स्टँपपेपरवर लिहून देतो.

माझं म्हणणं साधं आहे. घसरणीच्या तोंडाशी आडवा चर काढा. पिकअपचं चाक अडकेल एवढा रुंद, आणि चितळ सहज उडी टाकून जाईल एवढाच. त्याच्या आत दोन मोठे धोंडे लोटून ठेवा, तेही खाणीतलेच मिळतील. आधी आतली पोती आणि डबडी बाहेर काढा, पक्षी चुना टाकून नीट पुरा. खालच्या दोन विहिरींचं पाणी वर्षातनं दोनदा तपासा, पावसाळ्याआधी आणि नंतर, आणि तो कागद पंचायतीच्या फळ्यावर लावा. जेसीबी आमच्या आळीतल्याच एकाचा आहे, तो डिझेलवर काम करून द्यायला तयार झालाय.

अर्ज लिहून पंचायतीत नेला. कारकुनानं वाचला आणि तेच विचारलं, "तात्या, खाण तर बंद हाय, मग ह्यो अर्ज नेमका कुणाविरुद्ध?" मी म्हटलं, कुणाविरुद्ध नाही, आवक नंबर टाक. बरीच टाळाटाळ करून त्यानं टाकला. ठेकेदाराची मुदत कधी संपली, जाताना खाण कशा अवस्थेत सोडायची असं कागदात ठरलं होतं, याची नक्कल मिळावी म्हणून तहसीलच्या गौण खनिज टेबलावर वेगळा अर्ज दिलाय. ग्रामसभा 26 जानेवारीला आहे. भावकीतल्या ज्यांनी ज्यांनी फोनवर "येतो" म्हटलंय त्यांनी झेंडावंदन झाल्यावर जिलेबी घेऊन लगेच घरी पळू नये.